‘घरीच असते’ म्हणणाऱ्यांस

देवळाच्या मंडपात बसून स्त्रियांच्या कामाविषयी बोलणारे दोन पक्ष अलीकडे आम्हांस वारंवार भेटतात. एक म्हणतो, आपल्या स्त्रिया रोजगारात कमी दिसतात, कारण आपला धर्म त्यांस गृहलक्ष्मी मानतो. दुसरा म्हणतो, पाहा, शेजारचा नेपाळही आपल्यापुढे गेला! दोघांनीही आकडा वाचला आहे; तो सिद्ध कसा होतो हे मात्र पाहिलेले नाही.

नेपाळच्या २००८ च्या श्रमपाहणीत श्रमशक्तीत गणल्या गेलेल्या स्त्रिया शेकडा ८०.१ होत्या, पुरुष ८७.५. अंतर जेमतेम सात. २०१७-१८ च्या पाहणीत स्त्रिया २६.३ आणि पुरुष ५३.८, अंतर साडेसत्तावीस. मधल्या काळात नेपाळच्या स्त्रियांनी विळे टाकून दिले की काय? बदलली ती मुख्यतः व्याख्या. मोबदल्यासाठी वा नफ्यासाठी केलेले तेवढेच काम रोजगारात धरावे, घरच्या पोटासाठी पिकविलेले धान्य त्यात धरू नये, असे २०१३ साली जिनिव्हा येथे श्रमसांख्यिकांच्या परिषदेने ठरविले. नेपाळने ते मानले; आपल्या पाहणीत घरासाठी पिकविणारीही कामकरीच ठरते. त्याच २०१७-१८ मध्ये आपल्याकडे स्त्रिया २३.३ व पुरुष ७५.८ होते. एकाचे भात पायलीने आणि दुसऱ्याचे शेराने मोजून कोण अधिक पिकवितो याचा निवाडा करावा, तशी ही तुलना आहे.

आता बालाघाटकडे या. वैनगंगेकाठचा हा जिल्हा एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा मध्यप्रदेशात राहिला. २०११ च्या जनगणनेत येथे हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया आढळल्या. भाताचा हा मुलूख. येथील चिन्नोर तांदळास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण तो तांदूळ चिखलात गुडघाभर उभे राहून कोण रोवते? आमच्या कोकणी वाचकांस लावणीच्या दिवसांतील वाकलेल्या पाठी ठाऊक आहेत. येथे त्याच पाठींचे नाव रोवणी. उन्हाळ्यात त्याच बाया पहाटे रानात शिरून तेंदूची पाने तोडतात. पाहणीवाला दारात येतो, घरधन्यास विचारतो, “बायको काय करते?” “घरीच असते.” झाले! घरकाम सांभाळून सरपण, चारा, रानभाजी आणणारीसाठी त्या पाहणीत ९३ हा स्वतंत्र संकेतांक आहे. ती बाई त्या खान्यात पडली की श्रमशक्तीबाहेर.

म्हणून अंतर खोटे, असा निष्कर्ष काढून सुखावणाऱ्यांचीही आम्ही गय करणार नाही. २०२३-२४ मध्ये आपला स्त्रियांचा आकडा ४१.७ वर चढला. ढोल वाजले. पण त्या कामकरी स्त्रियांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जणी घरच्या शेतात वा दुकानात बिनमोबदल्याच्या मदतनीस आहेत. नेपाळची नवी व्याख्या कठोर खरी, परंतु ती निदान एक अडचणीचा प्रश्न विचारते: पैसा कोणाच्या हाती पडला? २०१९ च्या कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे दिसले. घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७.

भूमिगत खाणीत स्त्रीने उतरू नये असे १९५२ च्या खाण कायद्याने ठरविले. अटी घालून ती वाट मोकळी झाली २०१९ मध्ये. बालाघाटच्या भरवेली येथे मँगनीजची खोल खाण आहे. तेथे कायद्याने अडविले, हे तरी उघड होते. आपल्या देवळांत कोणत्या कायद्याने अडविले आहे?

उत्सवात महाप्रसाद शिजविणारा आचारी मजुरी घेतो, ढोलताशेवाले बिदागी घेतात, मांडववाला पावती फाडून घेतो. तांदूळ निवडणे, नारळ खवणे, भाज्या चिरणे, हार गुंफणे यांत चार-चार दिवस राबणाऱ्या बायांस पुष्कळ ठिकाणी प्रसादाची पुडी मिळते, आणि हिशेबात ते काम ‘सेवा’ होते. सेवा स्वखुशीची असेल तर तिला आमचा नमस्कार. पण मग आचाऱ्याची का नव्हे? आणि जिचे घर त्या दिवसांच्या मजुरीवर चालले असते, तिला कोणी विचारले होते काय? येत्या वार्षिक सभेपुढे जमाखर्च ठेवताना ह्या हातांची नावे आणि दिवस कोणत्या सदरात मांडणार, ते विश्वस्तांनी आधी सांगावे. आणि ज्या सभेत हे विचारायचे, तिच्यात मत देण्याचा हक्क किती स्त्रियांस आहे, तेही सोबत कळवावे.