सुई टोचून घेणाऱ्याची साक्ष

पीटर जेंटला निकालात काढायला एक वाक्य पुरतं: संघाने हाकलला, म्हणून त्याने सूड उगवला. १९६४ ते १९६८ हा गडी डॅलस काउबॉइजकडून अमेरिकन फुटबॉल खेळला (पायापेक्षा हाताने आणि डोक्याच्या टकरीने जास्त खेळला जाणारा तो खेळ) आणि १९७३ मध्ये त्याने ‘नॉर्थ डॅलस फॉर्टी’ ही, दुखणं सुईने दाबून खेळाडूंना मैदानात उतरवणाऱ्या संघावरची कादंबरी लिहिली. त्याचा जुना सहकारी, क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकणारा) डॉन मेरेडिथ याचा टोमणा प्रसिद्ध आहे. जेंट स्वतः सांगतो इतका चांगला खेळाडू होता हे वेळीच कळलं असतं तर त्याच्याकडे आणखी चेंडू फेकले असते, असं तो म्हणायचा. टोमणा फक्कड आहे, पण त्याने साक्ष खोटी पडत नाही.

जेंट कडवट होता, हे मान्य. पण बोलणार कोण होतं? खेळणाऱ्याचा करार संघाच्या हातात, डॉक्टरचा पगार संघाकडून, आणि वार्ताहराला उद्याची बातमीही तिथूनच हवी. ज्याचं देणंघेणं संपलं, तोच मोकळेपणाने बोलतो.

दुसरा आक्षेप असा की कादंबरी ती कादंबरी, तिला पुरावा कसं म्हणायचं? पुरावे मागाहून आलेच. माइक वेब्स्टर हा याच खेळातला नामांकित खेळाडू २००२ मध्ये वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी करून, डोक्याला वारंवार बसलेल्या माराने होणाऱ्या हानीवर २००५ मध्ये शोधनिबंध छापला. २०१३ मध्ये एनएफएलने, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगने, डोक्याच्या दुखापतींबद्दल माजी खेळाडूंशी साडेशहात्तर कोटी डॉलरची तडजोड केली. पुढच्याच वर्षी वेदनाशामकांच्या वापरावरून माजी खेळाडू कोर्टात गेले.

तरीही मला ही कादंबरी पुराव्यांसाठी मोलाची वाटत नाही. तिच्या नायकाला, फिल एलियटला, कोणी हातपाय बांधून सुई टोचत नाही. तो स्वतः गुडघा पुढे करतो, कारण बाकावर बसलेला दुसरा त्याच्या जागेची वाट बघतोय. १९७९ च्या चित्रपटात सुईला नकार देणाऱ्या डेल्मा हडललाही शेवटी राजी केलं जातं, आणि ऐन सामन्यात त्याचा पाय जातो. वर कहर असा की संघाने दिलेली औषधं चालतात, मात्र एलियट स्वतःहून गांजा ओढतो याचा अहवाल गुप्तहेर देतो आणि त्याला घालवलं जातं. चौकशी समितीच्या अहवालात ‘खेळाडूची संमती होती’ एवढीच ओळ आली असती. ती संमती भीतीतून कशी तयार होते, हे कादंबरीच सांगू शकते. जेंटची स्त्रीपात्रं कागदी आहेत आणि १९८९ चा उत्तरभाग मला फिका वाटतो, पण या एका गोष्टीत त्याचा हात धरणारा विरळा.

तिसरा आक्षेप आपल्या आदिलाबादेतही ऐकू येतो: असलं वाचून पोरं मैदान सोडतील. बेला-जैनदकडची कबड्डी खेळणारी पोरं पुस्तक वाचून मैदान सोडत नाहीत, गुडघा गेला की सोडतात. जिथे कापसाचं शेत आणि क्रीडा कोट्यातली नोकरी यांच्यामध्ये एक प्रमाणपत्र उभं असतं, तिथे ‘महिनाभर थांब’ हा सल्ला कोण ऐकणार? पट्टी आवळायची, स्प्रे मारायचा आणि चढाईला जायचं. त्यापुढची पायरी, उत्तेजकांची, हीही आपल्या देशाला परकी नाही. २०२३ मध्ये भारतात उत्तेजकांसाठी तपासलेल्या ५,६०० हून अधिक नमुन्यांपैकी ३.८ टक्के दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होतं.

आपल्याकडे खेळाडूने लिहायचं म्हणजे आत्मचरित्र: आईवडिलांचे कष्ट, गुरूंचा आशीर्वाद, शेवटी पदकांची यादी. त्यात दुखणं येतं ते जिद्दीचं कौतुक करण्यापुरतं. खेळ सोडलेल्या इथल्या कबड्डीपटूंनी जिंकलेल्या सामन्यांचं राहू द्यावं, ज्या दिवशी खेळायला नको होतं त्या दिवशी का खेळलो ते लिहावं. मराठीत लिहायचं की तेलुगूत, ते नंतर बघू.