प्रास्ताविकेचे पाठांतर

२०२० साली महाराष्ट्र शासनाने शाळांत संविधानाच्या प्रास्ताविकेचे सामूहिक वाचन सक्तीचे केले. रोज म्हटल्याने संस्कार होतात, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. जुळे सोलापुरात राहून तर नाहीच. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन १२ जानेवारी १९३१ रोजी एकत्र फासावर गेले. 'बंधुता' येथे पाठांतराने आली नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या या शहरात ऐक्य म्हणजे एकसारखेपणा नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे अनुच्छेद ३५०-क सांगतो. तो किती वर्गांत शिकवला जातो? नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाचे शेपूट झाले आहे. निदान भाषेच्या शिक्षकांनी तरी प्रास्ताविका शब्दाशब्दाने उलगडून शिकवावी. अर्थ न कळता केलेला घोष आज्ञाधारक मुले घडवील, नागरिक नव्हे.