फोनच्या स्क्रीनमधला निळाच आधी का दमतो?

दोन-तीन वर्षं वापरलेला अ‍ॅमोलेड फोन असेल तर एक करून बघा. ब्राइटनेस वाढवा आणि स्क्रीनभर एक राखाडी फोटो उघडा. वर बॅटरी-नेटवर्कच्या जागी, खाली कीबोर्डच्या जागी पुसट डाग दिसतायत? हाच तो ‘बर्न-इन’. त्यातला मोठा गुन्हेगार निळा रंग.

या स्क्रीनमागे वेगळा दिवा नसतो. असतात ते कार्बनी रेणूंचे अतिशय पातळ थर. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. मधल्या थरात दोघांची गाठ पडली की रेणू उत्तेजित होतो आणि शांत होताना प्रकाश सोडतो. कोडॅकच्या चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर हे करून दाखवलं.

गोम पुढे आहे. साध्या, फ्लुरोसंट पदार्थात उत्तेजित झालेल्या रेणूंपैकी साधारण २५ टक्केच थेट प्रकाश देतात. उरलेल्यांची बरीचशी ऊर्जा उष्णतेत वाया जाते. रेणूत इरिडियमसारखा जड धातू घातला की तीही प्रकाश बनून बाहेर येते. हा झाला फॉस्फोरेसंट प्रकार. लाल-हिरव्यात तो केव्हाच रुळला. निळ्याचं घोडं अडलं, कारण निळ्या प्रकाशाला ऊर्जा जास्त लागते, जवळजवळ रेणूचे बंध तुटतील इतकी. त्यात फॉस्फोरेसंट रेणू उत्तेजित अवस्थेत जास्त वेळ राहतो. म्हणजे मोडायला वेळही भरपूर! म्हणून कंपन्या वीज खाणाऱ्या जुन्या निळ्यावरच भागवत आल्या. तो हळू झिजावा म्हणून अनेक फोनमध्ये निळा ठिपका लाल ठिपक्यापेक्षा मोठा ठेवतात.

युनिव्हर्सल डिस्प्ले या अमेरिकी कंपनीने फॉस्फोरेसंट निळा २०२४ मध्ये आणू असं सांगितलं होतं. ते साल तसंच गेलं. मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने त्यांच्याच साथीने व्यापारी दर्जाचं पॅनेल जमल्याचं जाहीर केलं. विजेची बचत सुमारे १५ टक्के. पण बातमी नीट वाचा. या पॅनेलमध्ये निळ्याचे दोन मजले आहेत, खाली जुना फ्लुरोसंट, वर नवा फॉस्फोरेसंट. टिकाऊपणाचा भार अजून जुन्याच्याच खांद्यावर आहे. माझ्या मते हे अर्धं यश, पण खरं यश.

तुमच्या हातातल्या फोनला त्याचा काही उपयोग नाही. त्यात डार्क थीम लावा (काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका), स्क्रीन टाइमआउट कमी ठेवा, आणि जुना अ‍ॅमोलेड फोन विकत घेताना तो राखाडी फोटो सोबत न्या.