इंच मोजण्याआधी अक्षर बघा

घरातल्या मोठ्यांना ई-रीडर भेट द्यायचाय, सहा इंची घेऊ की सात इंची, हा प्रश्न हल्ली मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. विचारणारी मंडळी बहुतेक पुण्या-बंगळुरात नोकरी करणारी. पैशाची अडचण नसते, भावनाही चांगली असते. पण यंत्र घरी आलं की पंधरा दिवस त्याचं कौतुक होतं आणि मग ते टीव्हीच्या कपाटात जाऊन पडतं. इंच मोजलेले असतात, पण घरात कोण कुठल्या लिपीत वाचतं हे कुणी बघितलेलं नसतं. आपल्यासारख्या मराठी-कन्नड घरांत हा हिशेब जरा निराळा आहे. म्हणून आज त्याविषयी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ई-रीडर म्हणजे टॅब्लेट नव्हे. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यावर हे कण वर-खाली होतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केलं की रोज थोडं वाचणाऱ्याला आठवडेच्या आठवडे पुरतं. मोबाइलचा उजेड मागून थेट डोळ्यांत येतो. इथे तो कडेच्या दिव्यांतून पडद्यावर पसरतो. भर दुपारी अंगणात बसून वाचलं तरी अक्षर फिकं पडत नाही, उलट जास्त ठसठशीत दिसतं.

आता आकार. दुकानदार सांगतो तो आकार तिरका मोजलेला असतो, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. २००७ साली पहिलं किंडल आलं तेव्हापासून सहा इंच हे जणू ठरलेलंच माप झालं. पट्टी लावून बघा, सहा इंची पडदा म्हणजे साधारण ४.८ इंच उंची आणि ३.६ इंच रुंदी. इंग्रजी कादंबरीला एवढं पुरतं, कारण इंग्रजी अक्षरं एका ओळीत सरळ बसतात. आपल्या अक्षरांचं तसं नाही. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. कन्नडमध्ये तर जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खालीच लटकतं. 'हुब्बळ्ळी' एवढा एकच शब्द कन्नडमध्ये लिहून बघा, दोन ठिकाणी खाली ओत्ताक्षर येतं. त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त ठेवावं लागतं आणि पानावर ओळी कमी मावतात.

त्यात वाचणाऱ्याचं वय साठीपुढचं असेल तर अक्षर मोठं करावं लागतं. मग सहा इंची पडद्यावर दहा-बारा ओळी राहतात आणि घडीघडी पान उलटावं लागतं. माझी आई यालाच 'बसची तिकिटं वाचल्यासारखं वाटतं' म्हणते. म्हणून माझं मत असं : चाळिशीच्या आतल्यांना सहा इंच चालेल, आईवडिलांसाठी सात इंचाच्या आसपास घ्या. आणि इंचांइतकंच दुसऱ्या एका आकड्याकडे बघा. एका इंचात किती ठिपके, तो आकडा. तो ३०० असावा. जुन्या यंत्रांत तो १६७ होता. तेवढ्यावर इंग्रजी निभावतं, पण कन्नड ओत्ताक्षराचा आणि आपल्या रफाराचा काळा ठिपका होतो.

मग दहा इंची का नको? वजनामुळे. २०२२ चं साधं सहा इंची किंडल १५८ ग्रॅमचं, २०२४ चं सात इंची पेपरव्हाइट २११ ग्रॅमचं, आणि २०२२ चं १०.२ इंची स्क्राइब ४३३ ग्रॅमचं. शेवटचं पलंगावर आडवं होऊन वाचण्यासारखं नाही. पण एका प्रकारच्या वाचकाला तेच लागतं. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी आणि कन्नड पुस्तकं ढिगांनी आहेत, पण ती पानांचे फोटो काढून ठेवलेली. अशा फाइलीत अक्षर मोठं करता येत नाही, सगळं पानच मोठं करून सरकवत बसावं लागतं. साडेआठ इंच उंचीचं डेमी पान सहा इंची पडद्यावर जवळजवळ निम्म्यावर येतं, सात इंचीवर दोन-तृतीयांशावर, आणि दहा इंचीवर मात्र थोडंसंच आकसतं. तुमच्या काकांना जुने ग्रंथ, बखरी, शिलालेखांचे खंड वाचायचे असतील तर मोठा पडदा घ्या आणि टेबलावर ठेवून वाचू द्या.

आता खरा मुद्दा. किंडलच्या दुकानात २०१६ च्या डिसेंबरात भारतीय भाषांची पुस्तकं आली. हिंदी, मराठी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम. त्यात कन्नड नव्हती. आमच्या घरी हे लगेच जाणवलं. आई मराठी वाचते. वहिनी धारवाडच्या, त्या कन्नड वाचतात. भैरप्पांचं 'पर्व' आमच्याकडे दोन प्रतींत आहे. वहिनींनी माहेराहून आणलेलं मूळ कन्नड, आणि मूळच्या बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद. सासू-सुना एकच प्रकरण आपापल्या भाषेत वाचून दुपारी त्यावर वाद घालायच्या. आईसाठी यंत्र आलं त्या दिवशी वहिनींनी सहज विचारलं, "अत्ती, ह्यात माझं काय?" त्या हसत होत्या, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मुलं शाळेत कन्नड शिकतात, मराठी आजीकडून. घरातलं वाचनाचं यंत्र दोहोंपैकी एकच भाषा बोलत असेल, तर मुलं दोन्ही सोडून इंग्रजीकडे वळतात. हे मी चार-पाच घरांत बघितलंय.

म्हणून घेण्याआधी परीक्षा घ्या. संगणकावर एका पानाची फाइल करा. मराठीत 'कर्तृत्व', 'द्वंद्व', 'तऱ्हा' हे शब्द लिहा. कन्नडमध्ये 'हुब्बळ्ळी', 'राष्ट्र' आणि अर्कावत्तु येतो म्हणून 'अर्थ'. ही फाइल ओळखीच्या कुणाच्या यंत्रावर उघडून बघा. अक्षरं सुटी पडली, चौकोन दिसले, ओत्ताक्षर जागा सोडून बसलं, तर ते यंत्र तुमच्या घरचं नव्हे. फाइल युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या श्रीलिपीतली किंवा जुन्या नुडीतली फाइल कुठल्याही यंत्रावर घातलीत तर नुसती चिन्हांची खिचडी दिसेल, आणि त्यात यंत्राचा काही दोष नसेल.

दुसरा मार्ग अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-इंक यंत्रांचा, उदाहरणार्थ ओनिक्स बूक्स. त्यांत मोबाइलसारखी अॅप घालता येतात. मराठीसाठी बुकगंगा, कन्नडसाठी मायलँग, अशी दोन्ही दुकानं एकाच पडद्यावर येतात. दोन भाषांच्या घराला हे सोयीचं. पण ही अॅप मोबाइलसाठी केलेली, त्यामुळे पान वर-खाली सरकवताना अक्षरांची सावली मागे राहते. शिवाय त्यातली बटणं, मेनू समजून घ्यायला कुणीतरी आठवडाभर शेजारी बसावं लागतं. तेवढी सवड असेल तरच त्या वाटेला जा.

बाकीच्या सोयींबद्दल थोडक्यात. पिवळसर उजेडाची सोय रात्री वाचणाऱ्यांनी जरूर घ्यावी. पान उलटायला बाजूला बटण असेल तर थरथरत्या बोटांना बरं पडतं. पाण्यापासून संरक्षण चांगलं, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. जागेची काळजी नको, १६ जीबीत साध्या कादंबऱ्या हजारांनी मावतात. रंगीत पडदा लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांसाठी ठीक, नुसत्या मजकुरासाठी साधा काळा-पांढराच जास्त स्वच्छ दिसतो. आणि लक्षात ठेवा, विकत घेतलेलं ई-पुस्तक तुमच्या खात्याला बांधलेलं असतं. शेजारच्या काकूंना 'वाचून द्या' म्हणून ते देता येत नाही. त्यामुळे वाचनालयाची वर्गणी बंद करू नका.

आमच्या घरी शेवटी काय ठरलं, तर आईचं सात इंची राहिलं आणि वहिनींसाठी अँड्रॉइडचं दुसरं आलं. दोन यंत्रं म्हणजे खर्च झालाच. पण दुपारचा वाद पुन्हा सुरू झालाय, आणि पाचवीतला पुतण्या मध्येच येऊन आजीला कन्नड शब्दाचा अर्थ सांगतो. तुमच्या घरी एकच यंत्र घ्यायचं असेल, तर सगळ्यांना एकदा समोर बसवून विचारा, कोण काय वाचणार. मगच दुकानात जा.