खो मिळेपर्यंत

आंबिवली हे काही नामांकित स्थानक नव्हे. टिटवाळ्याच्या महागणपतीस जाणारे भाविक आमच्या गावावरून जातात खरे, परंतु आमच्याविषयी त्यांचा अभिप्राय एवढाच, की ‘चला, आता पुढचेच स्टेशन.’ १८५४ च्या मे महिन्यात आगगाडी कल्याणास पोहोचली. पुढे तिला दोन फाटे फुटले. एक कर्जतकडे गेला, दुसरा कसाऱ्याकडे. कल्याणपर्यंत येणाऱ्या गाड्या पुष्कळ. त्या या दोन फाट्यांत वाटल्या गेल्यावर आमच्या वाट्यास ज्या उरतात, त्यांतील एक चुकली, तर दुसरी येईपर्यंत मनुष्यास तत्त्वज्ञ होण्याइतका अवकाश सहज मिळतो. या पानावर आम्ही दरमहा जे विचार मांडतो, त्यांतील बहुतेकांचा जन्म या फलाटावरील बाकावर झालेला आहे, हे गुपित आज फोडावयास हरकत नाही.

आमचा व्यवसाय हिशेब तपासण्याचा. साहजिकच या वाट पाहण्याचाही हिशेब आम्ही एकदा मांडून पाहिला. मुंबईस जाण्यायेण्यात आणि गाडीची प्रतीक्षा करण्यात दिवसाचे चार तास जातात. कामाचे दिवस पंचवीस धरले, तर महिन्याचे शंभर तास झाले. म्हणजे चार अहोरात्र आणि वर चार तास. ही रक्कम कोणत्या खात्यावर लिहावी, हे आम्हांस अद्याप उमगलेले नाही. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ती ‘धीर’ या खात्यावर लिही. बढतीचा विषय निघो, स्वतःच्या जागेचा निघो, की विवाहाचा. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण आमच्या ताटात पहिल्या भाताबरोबरच वाढली जाते.

धीर हा सद्गुण आहे, याविषयी आमचा वाद नाही. परंतु ज्यास वाट पाहावयास लावायचे त्याच्याच गळ्यात तो बांधला जातो, आणि लावणारा मात्र मोकळा राहतो, हे आमच्या गावाने जवळून पाहिले आहे. येथून हाकेच्या अंतरावर मोहन्याचा रेयॉनचा मोठा कारखाना २००९ साली बंद पडला. त्यातील कित्येक कामगार आपल्या देण्याची वाट वर्षानुवर्षे पाहत राहिले. त्यांच्यापाशी धीर नव्हता, असे कोण म्हणेल? ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा व मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान, वळणावर, दोन गाड्या परस्परांजवळून जात असता दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही प्राणांस मुकले. त्या दोहोंतील एक गाडी आमच्याच कसाऱ्याच्या मार्गावरची होती. त्या रात्री आमच्या घरी, जसे घरोघरी, हेच उद्गार निघाले : “मागच्या गाडीने गेले असते, तर काय बिघडले असते?” आम्ही उत्तर दिले नाही. मागच्या गाडीतही दारापर्यंत तीच दाटी असते आणि कचेरीतील हजेरीचे यंत्र मागची गाडी ओळखत नाही, हे दारात उभे राहिल्यावाचून समजणारे नव्हे. ‘थांब’ हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. तो उच्चारणारा कोठे उभा आहे आणि ऐकणारा कोठे लोंबकळत आहे, हे मात्र पाहिले पाहिजे.

इतके दिवस आमचे विचार एवढ्यावरच येऊन थांबत असत. त्यांस पुढे ढकलले ते क्रिकेटच्या एका सामन्याने.

मुंबईच्या क्रिकेटवेड्या घरांतून एक हकीकत नेहमी सांगितली जाते. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या दोन मुलांनी बाद न होता ६६४ धावांची भागी केली. एकाच्या ३२६, दुसऱ्याच्या ३४९. या दोघांच्या नंतर ज्याची पाळी होती, तो मुलगा पायांस पॅड बांधून बसून राहिला. ती पाळी त्या डावात आलीच नाही. त्या मुलाचे नाव अमोल मुजुमदार. पुढे याच मुजुमदारांनी प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा काढल्या. एकंदर अकरा हजारांवर धावा व तीस शतके त्यांच्या नावे जमा झाली. २००६-०७ चा रणजी करंडक मुंबईने जिंकला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. तथापि भारताच्या संघातून एकही सामना खेळण्याचा योग त्यांस आला नाही. शाळेतील पॅड जणू जन्मभर पायांस बांधलेलेच राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि दोन वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२५ रोजी, नवी मुंबईत विश्वचषकाचा अंतिम सामना उभा राहिला.

रविवार होता. आमच्या घरातील यच्चयावत मंडळी माजघरातील दूरदर्शन संचासमोर जमली होती. पावसामुळे तीनचा खेळ पाचच्या सुमारास सुरू झाला, तेव्हा आजोबांनी ‘वाट पाहण्यातही गंमत असते’ असे म्हणून आमच्याकडे हेतुपुरस्सर पाहिले. ज्या संघाची आम्ही वाट पाहत होतो, त्यास ही कला कोणी शिकवावयास नको होती. महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ साली झाला, पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षे आधी. १९७८ पासून आमच्या भगिनी त्यात उतरू लागल्या. एके काळी राखीव जागेवाचून आगगाडीच्या साध्या डब्यांतून सामन्यांस जाणाऱ्या या खेळाडू भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आल्या, त्यास २००६ साल उजाडले. २००५ व २०१७ या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यापर्यंत जाऊन त्यांस रिकाम्या हाती परतावे लागले. दुसऱ्या खेपेस तर अवघ्या ९ धावांनी.

त्या रात्री ज्यांनी बाजी मारली, त्यांतील दोघींची कथा ध्यानी घेण्याजोगी आहे. शफाली वर्मा मूळच्या पंधरा जणींत नव्हतीच. एक सहकारी जायबंदी झाल्यामुळे उपान्त्य सामन्याच्या तोंडावर तिला बोलावणे गेले. अंतिम सामन्यात ८७ धावा व दोन बळी घेऊन ती सामन्याची मानकरी ठरली. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला याच स्पर्धेत एका सामन्यातून वगळण्यात आले होते. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांना उत्तर देताना तिने नाबाद १२७ धावा काढल्या. दोघींनीही बसलेल्या जागी पाय आखडू दिले नव्हते. मध्यरात्र उलटल्यावर हरमनप्रीत कौरने अखेरचा झेल घेतला आणि दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय मिळाला.

आमच्या घरात एकच गलका झाला. त्या गलक्यात काकू तेवढ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. काकूंस क्रिकेटचे एवढे प्रेम केव्हापासून, असे आम्ही थट्टेने विचारले. त्या म्हणाल्या,

“क्रिकेटचं नाही रे. मी शाळेत असताना खो-खो खेळत असे. जिल्ह्यापर्यंत गेले होते.”

गेली तीस वर्षे ज्या काकूंच्या हातचे आम्ही जेवतो, त्या जिल्ह्यापर्यंत खेळून आल्या होत्या, हे आम्हांपैकी एकासही ठाऊक नव्हते! काकांनी चष्मा काढून पुसला; पण तेही काही बोलले नाहीत. आजी हळूच म्हणाली, “अगं, मग सोडलंस का? कुणी नको म्हणालं होतं का तुला?”

“नको कुणीच म्हणालं नाही,” काकू उठत म्हणाल्या. “खो दिला नाही, इतकंच.”

आणि दूध विरजायचे राहिले आहे, असे सांगून त्या आत गेल्या.

दुसरे दिवशी फलाटावर बसलो असता हे चार शब्द आमच्या डोक्यातून जाईनात. खो-खो हा आपल्या मातीतील खेळ. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधून दिले. १९ जानेवारी २०२५ रोजी नवी दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक आपल्या महिलांनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरवून जिंकला. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे व विजयी पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. लहानपणी आम्हीही तो खेळलो आहोत; परंतु त्यातील मर्म त्या सकाळीच प्रथम ध्यानात आले.

आठ गडी चौकांत बसलेले असतात; एक पाठलाग करीत असतो. बसलेला गडी आपण होऊन उठला, तर ती चूक ठरते. पाठीमागून खो मिळाल्याखेरीज त्यास हलता येत नाही. मग काय, तो स्वस्थ बसतो? मुळीच नाही. तो चवड्यांवर असतो, हाताची बोटे जमिनीस टेकलेली, नजर पळणाऱ्यावर. येथवर सगळा उपदेश बसणाऱ्यास झाला, आणि वडील मंडळी आम्हांस करतात तो हाच. परंतु खेळाचा दुसरा अर्धा भाग धावणाऱ्याकडे आहे, हे ते सांगत नाहीत. धावणाऱ्यास मधली रेषा ओलांडता येत नाही आणि वाटेल तेव्हा माघारी वळताही येत नाही. पळणारा पलीकडच्या बाजूस गेला, की हा कितीही चपळ असो, निरुपायच. पलीकडे तोंड करून बसलेला जो गडी, तोच तेथे पोहोचू शकतो. तात्पर्य, खो देणे हा बसलेल्यावर उपकार नव्हे. देणाऱ्याचीच ती गरज आहे. जो अनुधावक खो न देता एकटाच धावत राहतो, तो दमतो, आणि गडी निसटतो.

एकत्र कुटुंबाचा डाव याहून वेगळा आहे काय? घरातील कर्त्या माणसांस ज्या बाजूस जाता येत नाही, तिकडे तोंड करून कोणी सून, कोणी मुलगी, कोणी धाकटा मुलगा बसलेला असतो. त्यास कोणी ‘नको’ म्हणत नाही. आमच्या सुशिक्षित घरांतून ‘नको’ हा शब्द केव्हाच गेला, याचा आम्हांस अभिमानही आहे. त्याच्या जागी आम्ही ‘पुढे पाहू’ बसविला. ‘नको’ म्हटले असते, तर काकू कदाचित भांडल्या असत्या. ‘पुढे पाहू’ या शब्दाशी कोणास भांडता येते? आधी परीक्षा, मग लग्न, मग मुले, मग सासूबाईंचे आजारपण; प्रत्येक वेळी कारण खरेच होते, आणि तरीही डाव संपला.

येथवर आमचा लेख दुसऱ्यांस शहाणपण शिकविणारा झाला. आता आमच्या स्वतःच्या खात्यातील नोंद दाखविणे प्राप्त आहे. आमची पुतणी नववीत आहे. शाळेच्या मैदानावर ती खो-खो खेळते आणि कल्याणास एका मंडळाच्या सकाळच्या सरावास जाण्याची तिची इच्छा आहे. या दिवाळीत फराळाच्या वेळी तिने हा विषय काढला. पहाटे इतक्या लांब सोबत कोण जाणार, अभ्यासाचे काय, असे सर्व प्रश्न निघाले. तिने शेवटी आशेने आमच्याकडे पाहिले. कारण घरात ‘नव्या विचारांचे’ म्हणून आमचीच ख्याती. आम्ही करंजी तोडीत म्हणालो, “दहावी होऊ दे, मग पाहू.” ती काही न बोलता उठून गेली. आम्हांस त्यात वावगे काही वाटलेही नाही. धीर धरावयाचा उपदेश जन्मभर ऐकून ज्याचा जीव विटला, त्यानेच तो इतक्या सफाईने पुढे चालवावा, यासारखी दुसरी विटंबना कोणती!

त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही घरी येऊन बैठक भरविली. दहावीची काळजी खोटी आहे, असे आम्ही म्हटले नाही. ती खरीच आहे. आम्ही एवढेच सुचविले, की आठवड्यातून तीन दिवस नेहमीपेक्षा दीड तास आधीच्या गाडीने निघावे, तिला कल्याणास मैदानावर पोहोचवावे, आणि तिचा सराव आटोपेतो आमची कागदपत्रे तेथेच बसून पाहावीत. तेथून शाळेच्या वेळेपर्यंत तिला परत आणण्याचे काय, हा प्रश्न मात्र आमच्याच्याने सुटेना. कारण तोवर आमची मुंबईची गाडी गाठावयाची वेळ होते. आजोबा म्हणाले, “मग अडलंच म्हणायचं.” तेव्हा काकू म्हणाल्या, “मी येईन कल्याणला. तिला आणायला.”

“आणि सकाळचा स्वयंपाक?” कोणीतरी विचारले. कोणी, ते येथे सांगत नाही.

“तीन दिवस तुम्ही बघा,” काकू म्हणाल्या.

त्या तीन दिवसांची पोळी आमच्या घरात सध्या भूगोलाच्या नकाशासारखी होते, आणि काकांनी केलेली आमटी आम्ही तिला नाव न ठेवता जेवतो. पुतणी जिल्ह्यापर्यंत जाईल की नाही, कोण जाणे. दहावीत तिचे चार गुण कमीही होतील, आणि मग त्याचा दोष आमच्या माथी येईल. तो आम्ही आजच स्वीकारून ठेवला आहे. परंतु परवा सकाळी मैदानाच्या कडेस हिशेबाचे कागद चाळीत असता आम्ही सहज मान वर केली. काकू वेळेच्या बऱ्याच आधी येऊन पोहोचल्या होत्या. हातातील पिशवी त्यांनी खाली ठेवली होती, आणि चौकात बसलेल्या पुतणीस त्या दुरूनच, मोठ्या कळकळीने, हातवारे करून सांगत होत्या : टाचा टेकवू नकोस, चवड्यांवर बस.