'दर आणतं' म्हणजे नक्की काय आणतं?

मंडळी, हल्ली जो उठतो तो एआय एजंट बनवतो. (घरच्या मंडळींसाठी खुलासा: विम्याचा एजंट नव्हे. आपण साध्या भाषेत विचारायचं आणि त्याने हवी ती माहिती स्वतः आणून उत्तर द्यायचं, असा प्रोग्राम.) माहिती आणायला त्याला जी छोटी अवजारं देतात त्यांना 'टूल' म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला, तेव्हापासून अशी टूल्स जोडणं बरंच सोपं झालंय. त्यांचं वर्णन लिहायचा आळस मात्र आहे तिथेच आहे, आणि आज मला त्या आळसावरच बोलायचंय.

एजंटला टूलच्या पोटातला कोड दिसत नाही. दिसतं ते नाव, चार ओळींचं वर्णन आणि काय काय भरून द्यायचं त्याची यादी. बस्स. त्यावरून त्याने ठरवायचं. आणि चलनाच्या टूलवर आपण लिहितो काय, तर 'चलनाचा दर आणतं.' स्वयंपाकघरातल्या बरणीवर 'पांढरी पूड' अशी चिठ्ठी लावावी तसं हे झालं. आत पिठीसाखर आहे की खायचा सोडा, ते चाखणाऱ्याने बघावं!

अहो, दर काय एकच असतो? रुपयाचा संदर्भ दर जुलै २०१८ पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था काढते. तोही कामकाजाच्या दिवशी, दुपारी, एकदाच. त्यात डॉलरचा भाव एका डॉलरला, पण येनचा शंभर येनला. युरोपियन सेंट्रल बँक आपले दर तिथल्या दुपारी चारच्या सुमारास देते, 'एका युरोला किती' अशा उलट्या बाजूने, आणि ते फक्त माहितीसाठी आहेत असंही बजावते. बाजारातला भाव सोमवार ते शुक्रवार रात्रंदिवस हलत असतो. आणि तुमची बँक डॉलर विकताना जो लावते तो आणखी चौथाच.

आता समजा, कुणाला दहा लाख येन फी भरायची आहे आणि टूलने ५८ हा आकडा आणला. तो शंभर येनचा आहे हे लिहिलेलं असेल तर उत्तर ५ लाख ८० हजार रुपये. नसेल तर ५ कोटी ८० लाख! ही चूक निदान डोळ्यात भरते. मला भीती न दिसणाऱ्या चुकांची आहे. रविवारी रात्री एखादे वडील विचारतात, "मुलीची वीस हजार डॉलर फी भरायला किती रुपये लागतील?" एजंट शुक्रवार दुपारचा संदर्भ दर 'आत्ताचा' म्हणून ठोकून देतो. बँकेचा दर त्याहून एक रुपयाने जास्त निघाला तरी वीस हजार रुपये कमी पडले. मग सगळे म्हणणार, एआय खोटं बोलतं. त्याने ज्यावरून ठरवलं ती ओळ कुणी लिहिली, हे कुणीच विचारत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "मॉडेल हुशार आहे, समजून घेईल." हुशार माणूससुद्धा न लिहिलेलं वाचू शकत नाही. तो अंदाज करतो, आणि हुशार असल्यामुळे तो अंदाज अगदी आत्मविश्वासाने सांगतो!

दुसरं उत्तर: "लांबलचक वर्णनाने जागा खर्च होते." कबूल. पण लांब लिहा असं म्हणतंय कोण? हे बघा:

'दोन चलनांचा दिवसाचा संदर्भ दर देतं. उत्तरात पहिल्या चलनाच्या एका एककाला दुसरं चलन किती, ते येतं; येन असल्यास शंभर येनला. सोबत दराची तारीख येते. सुटीच्या दिवशी आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर येतो. चालू बाजारभाव किंवा बँक प्रत्यक्ष किती घेईल, हे सांगायला वापरू नये.'

झालं. पाच वाक्यं. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही. टूल काय करत नाही हे सांगायला आपल्याला कमीपणा वाटतो. उलट 'लाइव्ह', 'अचूक' असले शब्द मात्र सढळ हाताने. अरे, ही जाहिरात आहे की वर्णन? वाचणारा गिऱ्हाईक नाहीये. तो तुमच्या शब्दावर विसंबून कुणाला तरी पैशाचा आकडा सांगणार आहे. दर मिळालाच नाही तर तसं स्पष्ट कळवा. जुना आकडा गुपचूप पुढे सरकवू नका.

तेव्हा टूल लिहिणाऱ्या दोस्तांनो, एक करा. वर्णन घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. "कुठला दर? कधीचा? कशाला किती?" यातला एक जरी प्रश्न आला तरी ते अर्धवट आहे, पुन्हा लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. तेवढं होत नसेल, तर निदान मॉडेलला शिव्या घालू नका.