'उपसून घेतली' : एका क्रियापदाविषयी

शौचविधीसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. बहिर्दिशा, परसाकडे, शौचकूप, संडास, स्वच्छतागृह. जुना शब्द ओशाळवाणा वाटू लागला की आपण नवा, अधिक धुतलेला शब्द वापरतो. तुंबलेला मैला उपसणाऱ्या माणसाला मात्र दीर्घकाळ जातीचेच नाव पुरले. वाक्यरचनेनेही त्याला वगळले. 'टाकी उपसून घेतली' या वाक्यात पैसे देणारा कर्ता आहे. खाली उतरणारा नाही. हा केवळ व्याकरणाचा योगायोग आहे, असे आम्हांस वाटत नाही.

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. येथील असंख्य घरांचा मैला अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये जातो. जड गाळ तळाशी बसतो, वरचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते. पावसाळ्यात जमीनच पाण्याने तुडुंब झाली की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. त्यातून टाकी वर्षानुवर्षे उपसलेली नसेल, तर मैला उलट संडासात चढतो. गेल्या श्रावणात आमच्या घरी हेच घडले. गल्ली अरुंद, मैला उपसणारी गाडी आत येईना. 'माणूस उतरवा, तासाभरात काम होईल', हा सल्ला तत्काळ मिळाला. आम्ही तो नाकारला. लांब पाइपची गाडी मिळेपर्यंत दोन दिवस शेजाऱ्यांचे दार ठोठवावे लागले. आमची अडचण एवढ्यावरच संपली.

उतरणाऱ्याची संपत नाही. बंद टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साचतात. दुसऱ्या वायूला अल्प प्रमाणात सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास थांबतो तेव्हाच मृत्यू जवळ आलेला असतो. पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही अनेकदा तेथेच राहतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या चित्रपटात गटारात मेलेल्या कामगाराची पत्नी साक्ष देते : तो आधी आत खडा टाकी, झुरळे बाहेर आली, तर आत हवा आहे असे समजे. त्याला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप मात्र एका लोकशाहिराच्या गाण्यावर येतो. ही शाहिराची भूमिका नागपूरचे दिवंगत कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांचे 'नरक सफाईची गोष्ट' हे पुस्तकही मराठीत आहे. आमच्या वर्गांत त्याचे नाव किती वेळा निघते?

या बाबतीत कायद्याची भाषा साहित्याच्या अध्यापकांपेक्षा अधिक सावध निघाली. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणालाही सेप्टिक टँकच्या सफाईस 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे' लावणे गुन्हा ठरवले. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातून घरमालकही सुटत नाही. 'अप्रत्यक्षपणे' या एका शब्दाने आपल्या 'करून घेतले' ची पळवाट बंद केली आहे. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दहा लाखांची भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती तीस लाखांवर नेली. मृत्यू थांबले असते, तर रक्कम वाढवण्याची वेळ आली नसती.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. टाकी दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्याआधीच गाडीने उपसावी. घर बांधतानाच गाडीचा पाइप पोहोचेल अशी वाट ठेवावी. आणि कोणी 'टाकी उपसून घेतली' म्हणाले, तर विचारावे : कोणाकडून? कशाने?